दुसरं बोट

गल्लीत तिला सगळे शीताई म्हणतात, आणि हे नाव तिने स्वतःच्या तोंडाने कमावलं आहे. दुरुस्तीला आलेला फोन ती दोन बोटांच्या चिमटीत धरते, दिव्याखाली नेते आणि म्हणते, "शी!" कानाच्या जाळीत मळ, चार्जिंगच्या भोकात खिशातली लव, कव्हरच्या आत बिस्किटाचा भुगा, काचेवर गालाचं तेल. "हे असलं लोक तोंडाला लावतात रे!" असं ती मागच्या टेबलावरून पुढे काउंटरवर बसलेल्या धाकट्या भावाला ऐकवते. भाऊ गिऱ्हाइकाकडे बघून ओशाळं हसतो आणि त्याला नवीन कव्हर विकतो.

मळ एकवेळ परवडला, तो ब्रशने निघतो. लोकांच्या थापा निघत नाहीत. अपडेट करताना अर्ध्यावर अडकलेले फोन हे शीताईचं खास काम. स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय, फोन ना जिवंत ना मेलेला. कोणी बॅटरी संपत आलेली असताना अपडेट सुरू केलेलं असतं, कोणी कंटाळून मध्येच बटण दाबलेलं असतं. पण समोर बसला की प्रत्येकाचं वाक्य तेच: "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." यावर तिचं उत्तरही ठरलेलं. "बरोबर. तुम्ही झोपलात आणि फोन एकटाच फिरायला गेला."

तिचा नियम एकच. ज्याचा फोन, त्याने समोर बसायचं आणि स्वतःच्या बोटाने तो उघडून द्यायचा. दुसऱ्याच्या घरात मालकाशिवाय शिरायचं नाही, असं ती म्हणते.

त्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, हलकं अत्तर, बोलणं तर तुपात घोळलेलं. फोन बायकोचा होता. ती एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. कोणाच्या घरी जायचं ते लॅबच्या अॅपवर यायचं आणि उद्या सकाळपासून ते अॅप जुन्या सिस्टिमवर उघडणार नव्हतं. अपडेट घालावं तर अर्ध्यावर जाऊन परत फिरत होतं. उद्या अॅप उघडलं नाही तर तिचं काम दुसरीला जाणार.

शीताईने फोन दिव्याखाली नेला. जाळी स्वच्छ, काच लख्ख, कव्हर नवंकोरं. इतका स्वच्छ फोन तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती "शी" म्हणायचंच विसरली.

"मालकीणबाई कुठे आहेत?"

"कामावर. आजची घरं कागदावर लिहून घेऊन गेलीय. मी उघडतो की." त्यांनी अंगठा टेकवला आणि फोन उघडला. "माझंही बोट आहे त्यात. आमच्यात तुझं-माझं काही नाही."

"तुमच्या फोनमध्ये त्यांचं आहे का?"

गृहस्थ हसले. "तिला काय करायचंय माझ्या फोनमध्ये?"

शीताईच्या कपाळावर आठी चढली. नियमाप्रमाणे फोन परत द्यायला हवा होता, पण त्या बाईचं उद्याचं काम डोळ्यांसमोर होतं. एवढीतेवढी कुरबूर करून तिने बघायला घेतलं. चूक साधीच होती, जागा नव्हती. नवी सिस्टिम सामान घेऊन दारात उभी आणि घर काठोकाठ भरलेलं. फोटो बेताचे, अॅप मोजकी. मग भरलंय कशाने? शोधता शोधता एक कॅल्क्युलेटर सापडला, ज्याच्यात बेरीज होत नव्हती. त्याच्या पोटात फोनवरच्या बोलण्याच्या रेकॉर्ड केलेल्या फायली होत्या, न संपणाऱ्या. आई. बहीण. लॅब. बहीण. आई. ज्या ऐकून झाल्या होत्या त्यांच्यापुढे खूण होती.

शीताईच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तिने एकही फाईल उघडली नाही. उघडायची गरजच नव्हती.

"हे उडवलं की जागा होईल," ती शांतपणे म्हणाली.

"ते राहू द्या. माझं ऑफिसचं आहे. फोटो उडवा ना, तिच्या माहेरचे खंडीभर आहेत."

तोंडावर आलेलं सगळं तिने गिळलं आणि अपडेटचं बटण दाबलं. ते परत फिरणार हे तिला माहीत होतं, पण फिरेपर्यंत बराच वेळ गोल फिरत राहणार होतं. "सुरू केलंय. आता मध्ये हात लावला तर फोन डेड होईल. संध्याकाळी त्यांना पाठवा."

"मीच येईन," ते म्हणाले.

"या की. पण नवं सुरू झालं की पासवर्ड त्यांचाच लागणार."

ते गेल्यावर भाऊ मागे आला. "ताई, नवरा-बायकोचं आहे. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"मी कुठे पडतेय? माझ्या टेबलावर घाण आली, ती मी साफ करणार," ती म्हणाली.

संध्याकाळी बाई एकटीच आली, खांद्याला नमुन्यांची थंड पेटी, चेहरा दमलेला. "होईल ना हो मावशी? उद्या पहाटेपासून घरं आहेत मला." शीताईने तिला समोर बसवलं, तिच्याच बोटाने फोन उघडायला लावला आणि ती यादी काढून पुढे सरकवली. "ही जागा खातेय. यातलं एक कानाला लावा. मला ऐकवू नका."

बाईने कानाला लावलं. तिचाच आवाज होता, बहिणीशी बोलताना रडणारा. तिने दुसरं लावलं, मग तिसरं. मग ती बोटाने नुसत्याच खुणा बघत खाली सरकत राहिली. शीताईने पाण्याचा पेला पुढे केला. तो तसाच राहिला.

"उडवू सगळं?"

"एक ठेवा," बाई म्हणाली. "नाहीतर म्हणतील, मी केलंच नाही."

एक सोडून सगळं गेलं, तो खोटा कॅल्क्युलेटरही गेला. मग शीताईने बोटांचं पान उघडून दिलं. तिथे दोन बोटं होती. दुसरं बाईने स्वतः पुसलं. या वेळी अपडेट कुठेही न अडखळता गेलं. फोन पुन्हा सुरू झाला, पासवर्ड टाकल्यावर लॅबचं अॅप उघडलं आणि उद्याची घरं एकाखाली एक आली. बाईने फोन काउंटरवर ठेवून पेटीचा पट्टा खांद्यावर घेतला, तेवढ्यात गृहस्थ हसतमुखाने आत आले.

"झालं का? बघू." त्यांनी सवयीने अंगठा टेकवला. फोन थरथरला, उघडला नाही. त्यांनी अंगठा शर्टाला पुसून पुन्हा टेकवला. "हे काय झालं?"

बाईने फोन काढून घेतला, उघडला आणि ठेवलेलं ते एक लावलं. दुकानात तिचं रडणं ऐकू आलं. भाऊ मान खाली घालून कव्हरं लावू लागला.

"मी काहीच केलं नाही," गृहस्थ म्हणाले. "आपोआप झालं असेल."

शीताईने तोंड उघडलं होतं, पण तिच्याआधी बाईच बोलली. ओरडून नाही, नवऱ्याकडे नीट बघून.

"शी."

आणि पेटी सावरत ती त्यांच्या बाजूने बाहेर पडली. दारातच तिने बहिणीला फोन लावला होता.