पहिल्या भाराचा मान

बदलापूरच्या श्रीपादराव मोडकांना चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. राग त्यांना यायचा, पण तो ते मुरांब्यासारखा मुरवत ठेवायचे.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते स्टोअर्स ऑफिसर होते. नव्वद साली तिथे काट्यांवर माल उचलणारी पहिली फोर्कलिफ्ट गाडी आली आणि गोदामाच्या दारातच अडकली. तिचा उभा खांब, म्हणजे मास्ट, चौकटीपेक्षा उंच निघाला. दार मोजलं होतं मॅनेजर हेमचंद्र चिटणीसांनी; बोलणी खाल्ली श्रीपादरावांनी. "पदवीधर म्हणवता आणि दाराची उंची कळत नाही?" हे चिटणीसांनी, भरल्या कॅन्टीनमध्ये. मग रवानगी भंगाराच्या यार्डात. शेजारणी त्यांच्या बायकोला, वृंदाला, म्हणायच्या, "मोडकवहिनी, दारातून सांभाळून हं!" तिने हळदीकुंकवाला जाणंच सोडलं. श्रीपादरावांना एकच हवं होतं: ज्या तोंडाने आळ घेतला, त्याच तोंडाने, तेवढ्याच लोकांसमोर तो परत घ्यायचा.

दोन वर्षांनी बॅटरीवरची फोर्कलिफ्ट घ्यायचं ठरलं. तिचं माहितीपत्रक श्रीपादरावांनी बारकाईने वाचलं. पुढच्या काट्यांवर वजन घेतलं की गाडी तोंडावर कलंडू नये म्हणून मागे भार लागतो, आणि विजेच्या गाडीत त्यातला बराचसा भार बॅटरीचाच. म्हणून तर बॅटरी निदान किती वजनाची हवी, तेही छापलेलं असतं. चिटणीसांनी मात्र स्वस्तात हलकी बॅटरी आणली आणि उरलेल्या पोकळीत लाकडं ठोकून दिली.

"व्होल्ट तेवढेच आहेत ना? मग झालं तर!"

"हो साहेब," श्रीपादराव म्हणाले. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दसऱ्याला यंत्रांची पूजा. झेंडूच्या माळा घालून गाडी सजलेली, समोर दीड टनाची पेटी. ड्रायव्हर रघु वर चढू लागला तसे श्रीपादराव लगबगीने पुढे झाले. हा बिचारा फुकटचा सापडायचा!

"थांब रे रघु. पहिल्या भाराचा मान साहेबांचा."

"बरोबर! साहेब, बसाच!" कामगार ओरडले.

पांढऱ्या सफारीतले चिटणीस ऐटीत बसले. रघुने दाखवलेली दांडी त्यांनी ओढली. पेटी वीतभर उचलली, आणि दुसऱ्याच क्षणी गाडी पुढे झुकली. पेटी जमिनीला टेकली, मागची चाकं साहेबांसकट हातभर वर.

"मोडक! उतरू का मी?"

"छे छे, हलू नका! मागे तुमच्याच वजनाचा काय तो आधार."

रघु म्हणाला, "साहेब, आरती आत्ता करायची की खाली आल्यावर?" सगळे फिदीफिदी हसले.

काटे खाली घ्यायची दांडी हलकेच ढकलली की चाकं टेकणार, हे श्रीपादरावांना पक्कं ठाऊक होतं. ते दांडीजवळ गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"साहेब, त्या गोदामाच्या दाराचं माप कुणी घेतलं होतं?"

"अहो, ही काय वेळ आहे?"

"मला वेळच वेळ. भंगारात काम कमी असतं."

चिटणीस काहीतरी पुटपुटले.

"कॅन्टीनपर्यंत जाऊ द्या आवाज."

"मी! मीच घेतलं होतं! मोडकांची काही चूक नव्हती!"

घरी हे सगळं ऐकताना वृंदाच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मग लगेच उतरवलंत त्यांना?"

"छे. आधी प्रसादाचा पेढा खाल्ला."

"एकच?" वृंदा म्हणाली.