पानांवर पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही. वहिनीच्या तेराव्याला तो म्हणाला, "तू शिकलेला, तिच्यावर चार शब्द लिही." लिहायला बसलो आणि हेच येतं आहे.

आधीच सांगतो — मला ती आवडत नव्हती. गेली म्हणून आवडायला लागली, असंही नाही.

नरपडच्या आमच्या घरात मी धाकटा, पुस्तकं वाचणारा, वाडीत फारसा उपयोग नसलेला. ती हे कुणासमोरही बोलायची. मला सांगून आलेल्या मुलीकडचे घर बघायला आले, तेव्हा त्यांच्यापुढे चहा ठेवत म्हणाली, "चिकू झाडाला लागतो की जमिनीत, तेवढं भावोजींना विचारू नका हां." सगळे हसले. मीही हसलो. ते लोक परत आले नाहीत. त्याच कारणाने? माहीत नाही. मी मात्र तेच धरून बसलो.

तिचा एक गुलाब होता. माहेराहून, वेवजीच्या तिच्या आईच्या अंगणातली फांदी आणून लावलेला — गावठी, फिका गुलाबी, वासाचा. आई गेली, भावांनी अंगणात फरशी घातली, तिथलं झाड गेलं. माहेरचं उरलं ते एवढंच. हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

२०१६च्या दिवाळीनंतर ती एक पान घेऊन माझ्या दाराशी आली. पानावर काळे गोल ठिपके, कडा विस्कटलेल्या, भोवती पिवळं. "भावोजी, तुमच्या पुस्तकात बघा ना, काय झालंय याला?" थट्टा नव्हती. असं पहिल्यांदाच.

मी बघितलं. बुरशीचा रोग. पडलेली पानं वेचून जाळा, पाणी सकाळी आणि फक्त बुंध्याशी घाला, पानं ओली राहू देऊ नका, बुरशीनाशक फवारा — स्वच्छ लिहिलेलं होतं. निम्मं तर ती न वाचताच करत होती: तांब्याने बुंध्याशी पाणी, रोज झाडलोट.

मी म्हणालो, "पाणी कमी पडतंय. संध्याकाळी पाइपाने पानं चांगली भिजवा. आणि पडलेली पानं उचलू नका, खत होतं."

शांतपणे म्हणालो — बोट पुस्तकात ठेवून.

ती रोज संध्याकाळी पाइप धरून उभी राहायची. माझ्या खिडकीतून दिसायची. कुठल्याही एका संध्याकाळी मी थांबवू शकलो असतो. किती संध्याकाळी असतील? होळीपर्यंत झाडावर पान उरलं नाही. मग काड्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या. तेव्हाही हिरव्यापर्यंत छाटून, बुरशी मारायला मोरचूद-चुन्याचा लेप लावतात. वाडीसाठी आणलेलं मोरचूद पडवीतच होतं. तिने विचारलं, छाटू का? मी म्हणालो, नको.

मे महिन्यात वेवजीहून तिचा भाऊ आला. वाळक्या खोडाकडे बघून म्हणाला, "आईचं झाड ना गं हे?"

वहिनीने आळ्यातली माती पायाने सारखी केली. "भावोजींनी पुस्तकात बघून बरोबर सांगितलं होतं रे. माझ्याच हाताला गुण नाही."

त्यानंतर दोन वर्षं, जाईपर्यंत, तिने अंगणात काही लावलं नाही.

भाऊ आला त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो. तिने केलेला चहा माझ्या हातात होता. तो मी संपवला.