धुतलेली खापरं

माझं काम खापरं धुण्याचं होतं. दिल्लीत येऊन एम.ए. केलं, पुरातत्त्वाचा डिप्लोमा केला आणि शेवटी एका संस्थेच्या मागच्या अंगणात दोन बादल्या आणि दात घासायचा ब्रश घेऊन बसले. घरी पत्र लिहिताना मी ‘संशोधन सहायक’ असं लिहायचे. ते खोटं नव्हतं. नेमणुकीच्या कागदावर तसंच होतं, फक्त तो कागद दर सहा महिन्यांनी संपायचा.

नव्वदच्या दशकातले दिवस होते. दिल्लीच्या चारी बाजूंना शेतं विकली जात होती आणि नव्या इमारतींचे पाये खणताना कुठेतरी जुनी वस्ती लागायची. बिल्डर खोळंबू नये म्हणून घाईघाईत चार खड्डे घेतले जायचे आणि निघेल ते पोत्यांत भरून आमच्याकडे यायचं. आधी धुवायचं, मग चटईवर वाळवायचं, मग काळ्या शाईनं नंबर घालायचा. हा क्रम कुणी चुकवत नसे आणि त्यावर विचारही करत नसे. मुनिरक्याच्या खोलीवर पोचेपर्यंत बोटांची सालं निघालेली असायची. इतिहासाचा मला तेव्हा इतका कंटाळा आला होता की एखाद्या रविवारी कुणी जुन्या किल्ल्यात फिरायला चल म्हटलं तरी राग यायचा.

माझ्या डोक्यात हा इतिहास भरवला तो आमच्या गावच्या गुरुजींनी. मराठवाड्यातलं गाव. शाळेच्या मागे पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीचा उंचवटा. सुट्टीच्या दिवशी गुरुजी त्यावर फिरून खापरं वेचायचे. त्यांचं म्हणणं एकच होतं, की दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावात रोमची दारू यायची. गावकरी म्हणायचे, “गुरुजी, दारू अजूनही येते, फक्त आता जवळून येते.” चहासुद्धा न पिणारा तो माणूस, तोही हसायचा आणि पुन्हा खाली बघत चालू लागायचा.

मग टेकाडाची माती रस्त्याच्या भरावासाठी उचलायचं ठरलं. गुरुजी ट्रॅक्टरसमोर जाऊन उभे राहिले. तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, जाणकाराचं लेखी पत्र आणा, मग बघू. दिल्लीला बदली होऊन आलेल्या एका गाववाल्याबरोबर गुरुजींनी माझ्याकडे कापडी पिशवी पाठवली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सोळा खापरं आणि चिठ्ठी होती, “तुझ्या साहेबांना दाखव. पत्र मिळालं तर टेकाड वाचेल.”

आमचे सर त्या विषयातले मोठे जाणकार. ते परदेशी निघाले होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी भेटायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मी खापरं काढली. चांगली मळलेली होती. आतल्या बाजूला काळा, चिवट थर होता. मला वाटलं, कधीकाळी कुणी चुलीवर चढवलं असेल. आपल्या गावची वस्तू सरांपुढे अशी कळकट कशी न्यायची? गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, खापरं भिजवली आणि दोन तास घासली. लख्ख झाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सरांनी एक तुकडा उचलला, काठावरून बोट फिरवलं आणि उलटा करून आत पाहिलं.

“शेप तो बिल्कुल सही है,” ते म्हणाले. “अंदर काला अस्तर नहीं था? राल का?”

तेव्हा आठवलं. वर्गात शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. दारू झिरपू नये म्हणून रोमचे लोक मद्यकुंभाला आतून राळ लावत.

“नहीं सर,” मी म्हटलं. “ऐसे ही मिले.”

माझ्या नव्या नेमणुकीचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. पण ते कारण मी नंतर शोधलं. खरं म्हणजे घाबरले आणि तोंडातून निघून गेलं.

“फिर लिख के नहीं दे सकता, बेटा. लोकल जार भी हो सकता है.”

मी गुरुजींना कळवलं, ही इकडच्याच रांजणांची खापरं असावीत. ‘असावीत’ हा शब्द माझ्या मनाच्या समाधानासाठी. उत्तर आलं नाही. सही झाली, सहा महिने गेले आणि पुढची नेमणूक आलीच नाही. मग नोएडात एका कंपनीत नोकरी, लग्न, मयूर विहारचा फ्लॅट. खापरांचा विषय मी घरात कधी काढला नाही.

बऱ्याच वर्षांनी गुरुजी नोएडात मुलाकडे राहायला आले. चौदावा मजला. रविवारी दुपारी मी भेटायला गेले. गुरुजी फार थकले होते. त्यांनी माझ्या हातात एक पातळ पुस्तक ठेवलं, गावचा इतिहास, शाळेतल्या मुलांसाठी छापलेला.

“रोमचं प्रकरण काढून टाकलं,” ते म्हणाले. “छापायला जाणारच होतं, तेवढ्यात तुझं पत्र आलं. पोरांच्या हातात खोटं गेलं असतं.”

“आणि टेकाड?”

“मीच सरपंचांना म्हटलं, न्या माती. दिल्लीत तपासून आलंय म्हटल्यावर मी कशाच्या जोरावर उभा राहणार? आता तिथं दुकानं झालीत.”

त्यांच्या आवाजात जराही तक्रार नव्हती. प्रस्तावनेत माझे आभार मानले होते, सत्य कळवल्याबद्दल. मला ते पान पुरतं वाचवलं नाही.

“गुरुजी, खापरांच्या आत काळा थर होता,” मी म्हटलं. “तो मी घासून काढला. सरांनी विचारलं, तर मी नव्हता म्हणाले.”

 त्यांनी विचारलं, “सगळ्यांचा?”

“सोळाच्या सोळा.”

“मी एकही मागं ठेवलं नव्हतं,” ते म्हणाले. “तुझ्याकडेच देतोय म्हटल्यावर ठेवायचं कशाला?”