धबधब्याखालचं पाणी

रविवार, दसऱ्यानंतरचा पहिला. मिल बंद होऊन पाचवा महिना. हजर: बाबा, शेजारचे काका आणि अकरावीतली मी. आई घरीच होती, पण दशम्या आणि शेव तिनं बांधून दिली होती. सामान: मिलचा एक थर्मामीटर, माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक, वही, पेन्सिल.

बाबा मिलच्या विणाई खात्यात हवा दमट ठेवायचं काम करायचे. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून तिथे दिवसभर पाण्याचे फवारे उडत. हवा किती कोरडी आहे ते कळायला थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळायचं, पाणी उडून जाईल तसा पारा उतरतो. पंचवीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं.

सोमवारी त्यांना एका नव्या प्रायव्हेट शाळेत लॅब असिस्टंटच्या जागेसाठी बोलावलं होतं. मिलवाल्याला असं बोलावणं आलेलं आमच्या गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. त्यासाठी ते माझं पुस्तक वाचत होते आणि एका गणितावर अडकले होते: शंभर मीटरवरून पडणारं पाणी खाली आदळून साधारण पाव अंशानं तापतं.

“चूक आहे,” बाबा म्हणाले. “पडणारं पाणी थंडच होतं. मी रोज हात लावून बघितलंय.”

काका हसले. ते त्याच खात्यात मागावर होते. “भिया, किताब खरी असेल तर घासलेट कशाला जाळायचं? छतावरून बाल्टी ओता, खाली अंघोळ करा!”

“मोजूनच येऊ,” बाबा म्हणाले.

म्हणून आम्ही सकाळच्या गाडीनं पातालपाणीच्या धबधब्याला गेलो. वर, पाणी कड्यावरून सुटतं त्याच्या बरंच अलीकडे, बाबांनी पालथं पडून थर्मामीटर पाण्यात धरला आणि तिथेच वाकून आकडा सांगितला. मी लिहिला. मग खाली उतरायला तासभर गेला. काकांचे गुडघे बोलत होते, ते वाटेतच एका दगडावर बसले. “तुम्ही जा. माझ्याकडून थंड लिहा,” म्हणाले.

खाली तुषार इतके की बाबांच्या चष्म्यातून काही दिसेना. त्यांनी थर्मामीटर पाण्यातून काढला, वाऱ्यावर चार पावलं लांब गेले, चष्मा पुसला आणि मग वाचला. तीन अंश कमी.

“लिही!” ते ओरडले. मिल बंद झाल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

थर्मामीटरच्या टोकाला मलमल होतं. सकाळी निघताना सवयीनं त्यांनीच गुंडाळलं होतं. पाण्यात असेपर्यंत त्यानं फरक पडत नव्हता, पण बाहेर वाऱ्यावर ते सुकायला लागलं आणि पारा उतरला. मला ते तेव्हाच दिसलं. बोलले असते तर पुन्हा पाण्याशी जायचं, पुन्हा मोजायचं, आणि मला भूक लागली होती, पाय दुखत होते. मी तीन अंश लिहिले आणि वही मिटली.

सोमवारी शाळेत त्यांना उष्णतेबद्दल विचारलं. बाबांनी वहीच पुढे केली. मुलाखत घेणाऱ्या सरांनी विचारलं, “किताब में क्या लिखा है?”

“किताबेत पाव अंश जास्त लिहिलंय, सर. पण आम्ही काल मोजून आलो.”

ती जागा दुसऱ्याला मिळाली. बाबांनी पुढे एका पीठचक्कीवर काम केलं, मग एका गोदामात. खरं बोललो म्हणून नोकरी गेली, हे ते पाहुण्यांना आजही सांगतात, आणि सांगताना ताठ बसतात.

नंतर कॉलेजात मी ते गणित नीट पाहिलं. पुस्तक धरून चालतं की पडल्याची सगळी ऊर्जा पाण्यातच उष्णता होऊन राहते. प्रत्यक्षात पडताना थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर पाव अंश भरून निघून पाणी उलट गारही झालेलं असू शकतं. म्हणजे बाबांचं म्हणणं बरोबर असेलही. फक्त आमचा आकडा त्याचा पुरावा नाही, आणि मिलच्या थर्मामीटरच्या एकेका अंशाच्या रेघांवर पाव अंश दिसलाही नसता.

दशांश दाखवणारा थर्मामीटर मी आणून ठेवलाय. एकदा कोरड्या दिवशी जाऊन, मलमल न गुंडाळता, पाण्यातच धरून दोन्हीकडे मोजायचं. त्याआधी त्या फडक्याबद्दल बाबांना सांगायला हवं. ते अजून झालेलं नाही.