अंधाऱ्या खोलीचे दार

सोलापूर स्थानकावर मला निरोप देताना अण्णा रडले, असे माझा धाकटा भाऊ वसंत अजूनही सांगत फिरतो. ते असत्य आहे. शुक्रवार पेठेत आयुष्यभर पालेभाजी विकलेले आमचे वडील त्या दुपारी माझी पेटी बाकाखाली नीट बसते की नाही, हे पाहत होते. गाडी हलली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तिकडं भाजी कसली मिळती बघ. शिळं खाऊ नगंस." त्यांचे डोळे कोरडे होते. मी खिडकीत होतो. वसंत फलाटावरच्या नळाला तोंड लावून उभा होता. तेव्हा साक्ष कुणाची ग्राह्य धरायची, ते वाचकांनी ठरवावे.

दुसरे विधान अधिक गंभीर आहे. "दादानं पालकासाठी बाप सोडला," असे तो म्हणतो आणि पेठ मान डोलावते. त्याचा समाचार घेण्यापूर्वी मी जर्मनीत काय करत होतो ते सांगणे भाग आहे, कारण वसंताच्या मते मी काहीच करत नव्हतो. "झाडं प्राणवायू सोडत्यात, हे शाळेतल्या पोराला बी ठावं हाय. त्याला जर्मनी कशाला लागती?" असे त्याने मला एकदा तोंडावर विचारले होते.

पानाने सोडलेला प्राणवायू पाण्यातून येतो, हे आम्हालाही ठाऊक होते. पाणी फुटते कसे, हे ठाऊक नव्हते. पानात मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, असा एक इवलासा पुंजका असतो. त्यावर प्रकाशाचे चार झोत एकामागून एक पडले की पाण्याच्या दोन रेणूंतून प्राणवायूचा एक रेणू सुटतो. आम्ही पालकाचा अर्क काढून त्यावर मोजून झोत टाकत असू आणि एकेक पायरी द्रवरूप नायट्रोजनमध्ये जागच्या जागी गोठवत असू. मग तो गोठलेला अर्क असलेली नळी चुंबकात ठेवून तिच्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि पुंजक्यातले इलेक्ट्रॉन काय उत्तर देतात ते आलेखावर वाचायचे. चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात ते हेच.

पालक मी स्वतः बाजारातून आणत असे. सहकारी हाताला येईल ती जुडी उचलत. मी देठ मोडून पाहत असे आणि पाणी मारून ताजी दाखवलेली जुडी लांबूनच ओळखत असे. सर्वांत स्पष्ट आलेख माझ्या अर्काचे येत. ती विद्या विद्यापीठाची नव्हती, अण्णांच्या हातगाडीवरची होती. कोणत्याही निबंधात हे छापलेले नाही, म्हणून येथे लिहितो.

अर्क अंधारातच हाताळावा लागे. झोत टाकण्यापूर्वी बाहेरचा प्रकाश शिरला तर मोजणीच बिघडते आणि दिवसाचे काम फुकट जाते. म्हणून दाराबाहेर लाल दिवा लागला की दार कुणीही उघडायचे नाही, असा आमचा नियम होता. आत अगदी मंद हिरवा उजेड असे; पानाला तो फारसा उपयोगी नाही.

एका दुपारी मी आत असताना कार्यालयातल्या बाईंनी दारावर थाप मारली. भारतातून फोन होता. मी ओरडलो, "दार उघडू नका! पंधरा मिनिटे!" चार नळ्या उरल्या होत्या. पाऊण तासाने बाहेर आलो, तोवर फोन तुटला होता. फोन दवाखान्यातून होता. वसंताने रिसीव्हर अण्णांच्या कानाशी धरून ठेवला होता. त्याच संध्याकाळी ते गेले.

त्या नळ्यांचा आलेख उत्तम आला.

"फोन कुणाचा हे मला ठाऊक नव्हते," असे मी इतकी वर्षे सांगत आलो. पत्नीलाही हेच सांगितले. ती आता नाही. इतरांच्या असत्यावर बोट ठेवणाऱ्याने ते आपल्याही असत्यावर ठेवावे, म्हणून लिहितो: बाईंनी "तुमचा भाऊ" असे स्पष्ट म्हटले होते. मी ते ऐकले होते.

गेल्या महिन्यात हे मी वसंताला फोनवर सांगितले. पलीकडून रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज ऐकू येत होते.

"म्हंजे मी खरंच बोलत हुतो की," तो म्हणाला.

"स्थानकावरचे नाही. अण्णा रडले नव्हते."

"गप ए! ह्या वयात बी तुझं आपलं तेच. भांडायचं आसंल तर हितं येऊन भांड. फोनवर काय मजा न्हाय."

इथे जर्मनीत माझ्याशी कुणी भांडत नाही. शेजारी अदबीने नमस्कार करतात, जुने विद्यार्थी नाताळला कार्ड पाठवतात, आणि मी काय केले, काय केले नाही, याच्याशी कुणालाही देणेघेणे नाही. आठ-आठ दिवस माझा आवाज माझ्याच कानी पडत नाही. माझ्यावर रागावलेला एकुलता एक माणूस शुक्रवार पेठेत आहे. घर या शब्दाचा माझ्यापुरता आता एवढाच अर्थ उरला आहे.

त्या पाऊण तासात कानाशी धरलेल्या रिसीव्हरमध्ये अण्णा काय बोलले, हे फक्त त्याला ठाऊक आहे. मी कधी विचारले नाही, त्याने कधी सांगितले नाही. आता विचारायला जाणार आहे. तो सांगेल त्यातले एक अक्षरही खोडणार नाही.