पहिलं बाळंतपण कोणाच्या घरचं? रोहणा ते कारंजा, एसटीने

मला प्रवास आवडत नाही असं घरचे म्हणतात, पण ते खरं नाही. मला प्रवास आवडतो. फक्त निघायच्या आदल्या दिवशी माझं पोट बिघडतं आणि बॅगेची चेन मी चार वेळा उघडून बघतो. या वेळी तर पाच वेळा बघितली, कारण हा प्रवास फिरण्यासाठी नव्हता. परीक्षाच होती ती.

झालं असं, की आई आणि बाळाच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका गटाला वर्धा जिल्ह्यात घरोघरी जाऊन माहिती घेणारी माणसं हवी होती. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होतं, न्यायला-आणायला गाडीही मिळते. तरी घरच्यांच्या खिशातून पैसे जातात का, किती जातात आणि ते कुठून आणतात, हा त्यांचा प्रश्न. बाकी सगळे पदवीवाले होते. मी बी.ए.चं पहिलं वर्ष अर्ध्यात सोडलेला. पण माझ्या अर्जात एकही अशुद्ध शब्द नव्हता म्हणून मॅडमनी मला एका दौऱ्यापुरतं घेतलं. मॅडम म्हणजे हे संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर. "दौरा नीट झाला तर वर्षभर ठेवू," त्या म्हणाल्या. नाही झाला तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. मी मात्र रात्रभर तेवढाच विचार केला.

सोबत प्रणिताताई होती. ती समाजकार्य शिकलेली, अशा कामात मुरलेली. तपासण्या, लसी, बाळंतपण हे प्रश्न तिचे आणि खर्चाचे प्रश्न माझे, अशी वाटणी होती.

रोहण्याला जायचं असेल तर वर्ध्याहून पुलगाव आणि तिथून आर्वीची गाडी धरा. पुलगाव-आर्वी अशी पूर्वी छोटी रेल्वे धावायची, आता एसटीच. ताईला अर्धं तिकीट, मला पूर्ण. "तू सामान दुप्पट आणलं, म्हणून तुले पूर्ण," ती म्हणाली. माझ्या बॅगेत टॅब, टॅबचे दोन चार्जर, छत्री (हिवाळ्यात), ओआरएसची पाकिटं आणि गोरसपाकचा पुडा होता. गोरसपाक हे आमच्या वर्ध्याचं तुपातलं खुसखुशीत बिस्कीट. पित्त झालं की मला तेवढंच चालतं.

रोहण्याच्या स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, वेगळी मागा, नाहीतर दुकानदार हात सैल सोडतो. तिथून आजूबाजूच्या गावांत पायी. दोन्ही बाजूंना तूर शेंगांवर आलेली, कापूस फुटलेला, आणि ऊन असं की स्वेटर काढावा की ठेवावा ते कळेना. (गावांची नावं सांगत नाही. माणसांची नावं आणि दोन-तीन गोष्टीही बदलल्या आहेत. कोणत्या, ते विचारू नका.)

पहिल्या दिवशी काम इतकं सुरळीत झालं की मला स्वतःचा अभिमान वाटला. बऱ्याच घरांत सूनबाई नव्हत्या. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसाला खर्च विचारायचा, असा नियम आहे. मी विचारत गेलो. "बाळंतपणाचा खर्च?" "काहीच नाई." "औषधं? गाडीभाडं?" "काहीच नाई." मी प्रत्येक रकान्यात व्यवस्थित शून्य भरलं. फुकट सेवा खरंच फुकट निघाली, याचा आनंदही झाला.

मुक्काम आर्वीला. स्टँडजवळच्या लॉजवर खोल्या साध्या, पण चादरी स्वच्छ. शेजारी खानावळीत वांग्याची भाजी आणि गरम पोळ्या. मी दुसरी पोळी मोडत होतो तेव्हा मॅडमचा फोन आला.

"अनिकेत, एवढी शून्यं?"

"हो मॅडम."

"तुम्ही त्या घरांत गेला होतात ना?"

मी पोळी ताटात ठेवली. काही लोक झाडाखाली बसून टॅब भरतात, हे मला प्रशिक्षणातच सांगितलं होतं. मॅडमना तेच वाटत होतं. मी गेलो होतो, शपथेवर गेलो होतो. पण ते सांगताना माझा आवाज असा कापला, की मला स्वतःलाच माझ्यावर संशय आला. "परत एकदा बघून घ्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे असंच राहिलं तर पुढचा विचार करावा लागेल."

ताईने माझी उरलेली पोळी खाल्ली. "सगळ्या बायका गेल्या कुठे, हे तू विचारलं का?" तिने विचारलं.

विचारलं नव्हतं. तो प्रश्न टॅबमध्ये नव्हता.

सकाळी पहिल्याच घरी परत गेलो. त्या घरच्या सासूबाई, सुमनबाई, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आम्हाला बघून त्यांनी दोन पाट सरकवले.

"आता काय राह्यलं बाबू? काल सांगतलं ना, काहीच नाई लागलं म्हणून."

"मावशी, बाळंतपण कुठे झालं?"

"तिच्या मायच्या घरी! कारंज्याकडे." माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी सूर्य कोणत्या बाजूला उगवतो असं विचारलं. "पयलं बायतपण मायेरीच असते. सातव्या महिन्यात धाडून देल्लं तिले. मंग आमाले काऊन खर्च येईन?"

"मंग तो आला कोणाले?" ताई म्हणाली.

"तिच्या बापाले! मीनं माह्या दोन पोरींचं केलं, तवा मले कोणी इचारलं का?" आणि त्या मनापासून हसल्या. "तुमचं लगन झालं नाई वाट्टे."

झालं नव्हतं. पण मी या जिल्ह्यातच जन्मलो, वाढलो. माझी सख्खी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्याच घरी होती. तरी टॅब हातात आल्यावर मी सासरच्या दारात उभा राहून माहेरचा खर्च विचारत होतो आणि खुशीत शून्य भरत होतो. सुमनबाईंचं शून्य अगदी खरं होतं. ते फक्त चुकीच्या घरी विचारलेलं होतं.

"उद्या बारसं हाये तिकडं," त्या म्हणाल्या. "आम्ही सारेच जाऊन राह्यलो. तुमी बी येजा, इवायालेच इचारून घ्याजा." इवाई म्हणजे व्याही, सुनेचे वडील.

कारंजा आमच्याच जिल्ह्यातलं, पण आमच्या दौऱ्यात नव्हतं. मी मॅडमना मेसेज केला. दोन टिक आल्या, पण त्या काही निळ्या झाल्या नाहीत, म्हणजे त्यांनी वाचलाच नव्हता. न विचारता गेलो तर शिस्त मोडणार. नाही गेलो तर शून्यं तशीच राहणार आणि मी झाडाखाली बसणारा ठरणार. "तू ठरव," ताई म्हणाली, "खर्चाचे प्रश्न तुझे." मी ठरवलं आणि लगेच ओआरएसचं एक पाकीट फोडलं.

दुसऱ्या दिवशी आर्वीहून तळेगाव, तिथून नागपूर-अमरावती हायवेने कारंजा. हा रस्ता उजव्या खिडकीत बसून करा की डाव्या, यावर आमचं एकमत झालं नाही, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा आहेत. कारंज्याला ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या शेजारी बसून दालफ्राय-रोटी खाल्ली. रोटी तव्याएवढी मोठी असते, एकच सांगा. पुढे गावापर्यंत भाजीच्या रिकाम्या कॅरेटांमध्ये बसून ऑटोने गेलो.

अश्विनीच्या, म्हणजे सुमनबाईंच्या सुनेच्या, माहेरी मांडव होता. तिचे वडील देवराव भाजीपाला पिकवतात. मोटारसायकलसाठी केलेल्या पत्र्याच्या आडोशाखाली आचाऱ्याने चूल मांडली होती. खाली तेलाचा जुना काळा डाग होता. तो नीट चुकवून मी बॅग ठेवली. बारशाला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून गोरसपाकचा पुडा देऊन टाकला.

मुलगी झाली होती. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी आत्याच्या पाठीत असे धपाटे घातले, की ती बिचारी "अवं बाप्पा, मले तं जीवानं मारता का वं!" म्हणत भिंतीला टेकली. घुगऱ्या वाटल्या गेल्या. सगळे खुशीत होते. आणि मला वाटलं, हीच योग्य वेळ.

देवराव सुमनबाईंच्या मालकांना, म्हणजे आपल्या व्याह्यांना, जेवायला वाढत होते. मी टॅब घेऊन तिथेच उकिडवा बसलो आणि स्पष्ट उच्चारात विचारलं, "काका, या बाळंतपणाला तुम्हाला एकूण खर्च किती आला?"

वाढपी थांबले. व्याह्यांचा घास हातातच राहिला. सुमनबाई घुगऱ्यांच्या ताटात बघू लागल्या. देवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काहीच नाई लागलं," ते म्हणाले आणि व्याह्यांच्या ताटात आणखी दोन जिलब्या टाकल्या. "पोरीचा खर्च कोणी मोजते का?"

ताईने माझी कॉलर धरूनच मला उठवलं. "इवायासमोर?" ती दात-ओठ खात कुजबुजली. "एवढं शिकवलं, एकांतात विचारायचं म्हणून! अर्धा गाव जमवून विचारलं तू!" माझ्याकडे आता दोन शून्यं होती. एक खरं, एक खोटं. आणि नोकरी गेल्यातच जमा होती.

जेवणावळ संपल्यावर अश्विनीनेच ताईला आत बोलावलं, मग मलाही. बाळ मांडीवर झोपलं होतं. ताईने आधी परवानगीचा छापील कागद तिला वाचून दाखवला. ती हसली. "बाबा तुम्हाले सांगणारच नाई, दादा. माह्या सासऱ्यासमोर तं मरंस्तोवर नाई सांगत."

मग तिने सांगितलं. रात्री कळा सुरू झाल्या. सरकारी गाडी बोलावली होती, पण वडिलांना धीर धरवेना. त्यांनी शेजाऱ्याची गाडी केली आणि थेट मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं. पहिलटकरीण आहे, सासरचे काय म्हणतील, हे वर. दवाखान्याचं बिल, औषधं, भाडं, डिंकाचे लाडू, आजचं हे जेवण, सगळं वडिलांच्याच खिशातून.

"आणि पैसे कुठून आणले?" मी या वेळी हळूच विचारलं. प्रश्न छापील होता, पण मला तो पहिल्यांदाच कळला.

"गाडी इकली ना त्यायनं. मले म्हणे, सर्व्हिसिंगले देल्ली. आता दोन महिने झाले, कोणती सर्व्हिसिंग चालते एवढी?"

मला तेलाचा डाग आठवला.

निघताना देवराव पिशवीभर वांगी घेऊन मागे आले. आम्हाला काही घ्यायची परवानगी नसते, हे मी सांगत होतो आणि ते पिशवी कोंबत होते. शेवटी ताईने वांगी आचाऱ्याकडे दिली. "पोरीनं सांगतलं वाट्टे तुमाले सारं," ते म्हणाले. मी बॅगेची चेन उघडून बघू लागलो; कोणी काय सांगितलं ते आम्ही सांगायचं नसतंच. "नाई सांगतलं तं नाई सांगतलं. मी आता ऑटोनं नेतो भाजी, राजावानी बसून. फक्त इवायाले कळू देऊ नोका."

परतीच्या गाडीत मी मॅडमना जसं घडलं तसं लिहिलं, माझ्या दोन्ही चुकांसकट. सासरच्या घरी माहेरचा खर्च सापडत नाही. माहेरी व्याही बसलेला असेल तर तिथेही सापडत नाही. बाईला एकटीला विचारावं. पाठवण्याआधी शुद्धलेखन दोनदा तपासलं. कोंढाळीच्या संत्र्यांचे ढीग मागे पडले तरी उत्तर नाही, आणि तेव्हाच आपण उलट्या दिशेच्या गाडीत बसलोय हे माझ्या लक्षात आलं, ते मी ताईला सांगितलं. आम्ही नागपूरच्या बाजूने चाललो होतो. हरकत नाही, नागपूरहून वर्ध्याला गाड्या भरपूर.

नागपूरहून वर्ध्याची गाडी धरल्यावर बुटीबोरीला उत्तर आलं. "प्रश्न बदलावा लागेल. नवा प्रश्न तुम्ही आणि प्रणिता मिळून लिहा. सोमवारी या. आणि पुढच्या वेळी जेवणाच्या पंगतीत टॅब काढू नका." ताईने ते मोठ्याने वाचलं आणि कंडक्टरलाही हसू आलं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, नावं सोडून. बॅगेतली छत्री जशीच्या तशी बाहेर काढत मी विचारलं, "आई, माझ्या वेळी खर्च कोणी केला?"

"तुह्या मामानं. अजून कोण करन?" ती भांडी लावत होती, तिने मान वळवलीसुद्धा नाही.

मामा हिंगणघाटला असतो. मी लगेच फोन लावला.

"काऊन बे, आज कशी आठवण आली?"

"मामा, माझ्या जन्माच्या वेळी तुला किती खर्च आला होता?"

पलीकडे मामाने टीव्हीचा आवाज कमी केला.

"काहीच नाई लागलं बे," मामा म्हणाला. "तुह्या बापानं इचारलं का?"

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. येत्या रविवारी हिंगणघाटला जातोय. वर्ध्याहून गाड्या पुष्कळ आहेत. मामा आठवडी बाजाराला बाहेर पडला, की मामीला विचारेन.