फायनलआधी उतरवलेली नखं

जमैकात, किंग्स्टनला हाफ वे ट्रीच्या बस स्टँडसमोर, एका जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत डॉरेट व्हाइट खोटी नखं बसवते. बावीस वर्षं झाली. शहरातल्या अर्ध्या नवऱ्या मुली लग्नाआधी तिच्यापुढे हात पसरून बसून गेल्यात. तिच्या स्वतःच्या बोटांवर इंचभर लांब निळी-सोनेरी नखं असतात आणि तोंड कमालीचं फटकळ. "ही नखं लावून भांडी घासता येणार नाहीत हं. घासणारा नवरा बघ आधी," असं ती प्रत्येकीला सुनावते.

लेकीची, जोडिअनची बोटं मात्र कायम बोडकी. नेटबॉल खेळणारीला नखं वाढवून चालतच नाही. सामन्याआधी पंच एकेकीचे तळहात आपल्याकडे वळवून बघतात. बोटाच्या टोकावरून नख डोकावलं, की मैदान बंद. डॉरेटला त्याचं काही वाटत नसे. शाळेत तीही नेटबॉल खेळायची, गोलकीपर होती. जोडिअन पोटात आली आणि खेळ सुटला तो सुटलाच. आता लेक लीगच्या संघात गोलशूटर होती, पण त्याच जागेवर तिच्यापुढे सहा फूट दोन इंचांची केमेशा होती. म्हणून जोडिअन दोन मोसम बाकावर. दोन मोसमांत मिळून पोरगी अकरा मिनिटं खेळली, आणि त्यातलं प्रत्येक मिनिट डॉरेटला तोंडपाठ होतं.

फायनल रविवारी होती. शनिवारी केमेशाच्या बहिणीचं लग्न, आणि करवलीला नखं हवीत! शुक्रवारी डॉरेटनेच ती बसवली, दहाही नखांवर पांढरी ऑर्किडं रंगवली. "रविवारी सकाळी तुझ्यासाठी दुकान उघडते. येऊन काढून घे. घरी हात लावलास तर याद राख," असंही बजावलं. केमेशा हो हो म्हणाली, लग्नात मनसोक्त नाचली आणि रविवारी दुपारपर्यंत घोरत पडली.

सामन्याला पाऊण तास होता. डॉरेट लेकीच्या नंबरचा टी-शर्ट घालून स्टेडियममध्ये बसली होती. मांडीवर फॉइलमध्ये बांधलेला तळलेला मासा आणि बॅमी, म्हणजे कसाव्याची भाकरी. तेवढ्यात जोडिअन पायऱ्या चढत धावत आली.

"मम्मी, बॅग आणलीयस?"

"कसली बॅग?"

"अगं, नखांची! केमेशाला पंचबाईंनी अडवलंय. तिने गाडीत बसून कात्रीने नखं तोडली. कडा नुसत्या करवतीसारख्या झाल्यात. वीस मिनिटांत साफ झाली नाहीत तर ती बाहेर."

"मग उपटा म्हणावं."

"एक उपटलं तिने. भळाभळा रक्त आलं."

बॅग डॉरेटच्या पायाशीच होती. चर्चलासुद्धा ती बॅगेशिवाय जात नसे. पण ती जागची हलली नाही.

"केमेशा नाही खेळली तर तिच्या जागी कोण?"

"मी."

"मग झालं तर! बस माझ्याजवळ. मासा खा."

जोडिअनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मम्मी, मला खेळायचंय. खूप खेळायचंय, तुला माहितीये. पण असं नाही. ऊठ ना."

डॉरेटने लेकीकडे पाहिलं. हिला हे कुणी शिकवलं? मी तर नाही, असं तिच्या मनात आलं. तिने बॅग उचलली.

खेळाडूंच्या खोलीत तिने आधी केमेशाला यथेच्छ शिव्या घातल्या. मग कानशीने नखांचा वरचा थर उतरवला, ऑर्किडांची पांढरी भुकटी जमिनीवर सांडली. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस एकेका नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळायची होती, आणि फॉइल होती ती फक्त माशाची. जोडिअनने ती पुसून नऊ तुकडे केले आणि केमेशाचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

"मिस डॉरेट, माशाचा वास येतोय," केमेशा नाक मुरडून म्हणाली.

"बरंच आहे. समोरची गोलकीपर लांब राहील."

ॲसिटोनने डॉरेटची स्वतःची नखंही मऊ पडून वाकडीतिकडी झाली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. नऊ नखं एकेक करून अलगद सुटली, रक्ताचा एक थेंब न येता. पंचबाईंनी केमेशाचे तळहात आपल्याकडे वळवले, बोटांवरून अंगठा फिरवला, चिकटपट्टी लावलेलं दहावं बोटही तपासलं आणि मान हलवली.

चौपन्न-त्रेपन्न. शेवटचा गोल केमेशाचा, तीन सेकंद उरले असताना. जोडिअन एक मिनिटही खेळली नाही. पण शिट्टी वाजली तेव्हा बाकावरून सर्वात आधी उडी मारून धावली ती जोडिअनच. वर डॉरेट आपले विद्रूप झालेले हात वर करून गळा बसेपर्यंत ओरडत होती. आयुष्यात तिला कशाचाच एवढा अभिमान वाटला नव्हता.

त्या संघाचा फोटो आता दुकानात लावलाय. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "यातली तुमची कुठली?"

डॉरेट कडेच्या मुलीवर बोट ठेवते.

"फायनलमध्ये किती गोल केले हिने?"

"एकही नाही," डॉरेट ताठ मानेने म्हणते. "हात इकडे दे. सांगते."